सूर्यास्ताआधी पुसलेला फळा

मास्तर जिवंत असताना मी त्यांना श्रद्धांजली वाहिली. तीही मनातल्या मनात नव्हे, भर चौकात, आठ फुटी फळ्यावर, स्वतःच्या हातानं. हा विषय कुणी काढला की अजून माझे कान तापतात. तरी मीच सांगते, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल तर त्यात मीठमसाला असेल आणि मी आहे त्याहून जास्त बावळट ठरेन.

आधी फळ्याचं सांगायला हवं. कोल्हापुरात तालमीतालमीला, चौकाचौकाला असा फळा असतो. भिंतीवर सिमेंटचा चौकोन करून त्याला काळा रंग दिलेला. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणी कुस्ती मारली, कुणी वारलं, सगळं खडूनं त्याच्यावर. आमचा फळा तालमीचा नाही, विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी मंडळाचा आहे. तो दुधाच्या कट्ट्याला लागून आहे. सकाळ-संध्याकाळ तिथं म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. लोक दूध पितात, मिशी पुसतात आणि फळा वाचतात.

मंडळ म्हटल्यावर कुणाला वाटेल, परदेशात गेलेल्या बड्या लोकांचं काहीतरी असेल. आमचं तसं नाही. शिकून बाहेर पडलेले पण गाव सोडून न गेलेले पंचवीस-तीस जण आहोत. दोन वकील, एक दातांचा डॉक्टर, एक गुळाचा अडत्या, बरेचसे शिक्षक, आणि मी, विमा कचेरीतून निवृत्त झालेली, तोंडानं तिखट. शिकलेल्यांनी गल्लीपासून फटकून राहू नये, हे मास्तरांचं म्हणणं, आणि मंडळ त्याच्यावरच उभं राहिलं. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत थोरले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. फळा त्यांनीच सुरू केला. लग्न-मयतीच्या बातम्यांच्या शेजारी ते रोज काहीतरी कलेचं टाकायचे. कधी कुरुंदवाडच्या सनईवाल्या चाचांचं रेखाचित्र, कधी गल्लीतल्या एखाद्या पोरीनं लिहिलेल्या चार ओळी.

फळ्यावर लिहायला मला त्यांनीच शिकवलं. खडू साखरेच्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे अक्षर ठळक उठतं आणि भुकटी गळत नाही. दोरी खडूच्या पुडीत घोळवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची, की फळ्यावर सरळ रेघ उमटते. आणि एक नियम. लिहिलेलं दिवस मावळेपर्यंत पुसायचं नाही. चुकलं तरी नाही. "चार माणसांनी बघू दे की चूक," ते म्हणायचे. "दुसऱ्या दिवशी आपोआप जपून लिवशील." त्या नियमापायी मी एकदा एका नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या सासऱ्याचं नाव घातलेलं दिवसभर सोसलं होतं. दोन्ही घरची माणसं येऊन हसून गेली.

सहा वर्षांपूर्वी आमचं बिनसलं. मंडळाचा वर्षाचा कला मेळावा तोवर चौकात व्हायचा. धारा संपल्या की दूधवाले मामा सगळा चौक पाण्यानं झाडून काढायचे. मग ताडपत्री पडायची, भिंतीला दोऱ्यांवर चित्रं टांगली जायची. गडमुडशिंगीचं लेझीम, कुरुंदवाडची सनई, आमच्यातल्यांच्या कविता. मध्येच रिक्षा घुसायची, कुणाचा तरी हॉर्न सुरात मिसळायचा. मी कार्यवाह झाले आणि मला त्याची लाज वाटायला लागली. मला गार हॉल हवा होता, खुर्च्या हव्या होत्या, पास हवे होते. मी ते करून दाखवलं. पहिल्याच वर्षी दूधवाले मामा इस्त्रीचा सदरा घालून, हातपाय स्वच्छ धुऊन हॉलच्या दारात आले आणि आमच्या स्वयंसेवकानं त्यांना पास मागितला. त्यांच्याकडं पास नव्हता. तो द्यायचं मला सुचलंच नव्हतं. मास्तर त्यांच्या शेजारी होते. त्यांच्या खिशात पास होता, पण तेही मामांबरोबर मागं फिरले.

पुढच्या बैठकीत मास्तरांनी विषय काढला. मेळावा परत चौकात न्या, म्हणाले. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "मेळावा म्हंजे दुधाचा कट्टा न्हवं मास्तर. तुम्हाला म्हशीच पुढं बसवायच्या असतील तर खुशाल बसवा." म्हशी म्हणताना माझ्या मनात कोण होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मास्तरांनी खडूचा डबा माझ्यापुढं ठेवला आणि चपला घालून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. मी गेले नाही. आणि कार्यवाहबाईंचा राग ओढवून घ्यायला नको म्हणून मंडळातल्या दुसऱ्या कुणीही त्यांच्या घराची पायरी चढली नाही. फळा मी लिहू लागले.

परवाच्या थंडीतली ती सकाळ. मेळावा येत्या रविवारी होता, हॉलमध्ये, पास वाटून झाले होते. साडेपाचला उठून मी चहा टाकला आणि फोन बघितला. मंडळाच्या ग्रुपवर आमच्यातल्या एका वकिलाचा निरोप होता. मास्तर गेले. वकिलांचा मेव्हणा त्याच हॉस्पिटलात होता. पहाटे वकील त्या वॉर्डावरून गेले तेव्हा मास्तरांची खाट मोकळी होती, गादी गुंडाळलेली होती, आणि पांढरी चादर घातलेलं स्ट्रेचर दारातून बाहेर चाललं होतं. वकिलांनी स्ट्रेचरला हात जोडले आणि निरोप टाकला. त्याखाली पाच मिनिटांत सगळ्यांचे जोडलेले हात.

मास्तर हृदयाच्या दुखण्यानं आठ दिवस तिथं आहेत, हे मला माहीत होतं. रोज जाऊन येऊ म्हणत होते आणि रोज काहीतरी काम निघत होतं. खरं सांगायचं तर काम निघत नव्हतं, मी काढत होते. चहा ओतून दिला आणि ओट्याला धरून रडले. मग खडूचा डबा, दोरी, ओलं फडकं घेतलं आणि सहाच्या आत चौकात पोचले. मयतीची बातमी आमच्या फळ्यावर सगळ्यांच्या आधी लागते, हा मंडळाचा ताठा. तालमींचे लोक आमचा फळा बघून त्यांचा लिहितात.

त्या दिवशी मी दोरीसुद्धा मारली नाही. एका दमात लिहिलं. वर भावपूर्ण श्रद्धांजली. खाली: "आमच्या हाताला अक्षर देणारे मास्तर गेले. मेळावा चौकातच हवा, असं ते म्हणत होते. आम्ही तो हॉलमध्ये नेला. मास्तरांचं बरोबर होतं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं." अंत्ययात्रेची वेळ कळली नव्हती म्हणून तळाला दोन ओळींची जागा मोकळी सोडली. तिथंच हात थांबायला हवा होता. वेळ माहीत नाही तर घरी फोन करावा, इतकी साधी गोष्ट. पण सहा वर्षं तोंड न दाखवता आता मास्तरांच्या बायकोला, काकूंना, कुठल्या तोंडानं विचारू, असं मला झालं. पुढं कळलं की ग्रुपवरच्या एकानंही फोन केला नव्हता. सगळ्यांची अडचण एकच होती.

घरी येऊन आंघोळ केली, पांढरी साडी काढून ठेवली. साडेआठला फोन वाजला. काकूंचा नंबर. उचलला.

"हॅलो, हाईस का गं?" काकूंचा आवाज. "ह्यांना डिस्चार्ज मिळतोय बघ आज. काल रात्रीच वरच्या खोलीत हलवलंतं. साडेनऊपत्तोर सोडतील. तू तेवढी चौकात हाईस का बघायला फोन केला."

माझी नजर पांढऱ्या साडीवर गेली.

"ह्यांचं एकच चाललंय," काकू म्हणाल्या. "रिक्षा फळ्यावरनं न्यायची. आठ दिस फळा वाचला न्हाय म्हनं. तुला म्हाईत नसंल, रोज दुपारी जातेत की वाचाय. तू नसतीस तवा. डॉक्टर म्हनलेत, अजून जपा, दचकायचं काय व्हायला नको. तू हाईस म्हनल्यावर मला बरं. तेवढी उभी ऱ्हा तिथं."

"आलो, आलो काकू," मी म्हटलं. आमच्याकडं बायका 'मी आलो'च म्हणतात, पुण्याहून आलेल्या सुना त्याला हसतात. त्या सकाळी माझा आवाज ऐकून कुणी हसलं नसतं.

तशीच स्कूटी काढली. दहा मिनिटांत चौकात पोचले तर फळ्यासमोर गर्दी. खालच्या कठड्यावर कुणीतरी उदबत्त्या खोचल्या होत्या, झेंडूचा हार ठेवला होता. दुधाचे पेले हातात तसेच धरून लोक वाचत होते. एक रिटायर्ड फौजदार डोळे पुसत होते. मी फडकं काढलं आणि वरच्या ओळीवर हात घातला.

"बाई, काय करताय?" फौजदारांनी मनगट धरलं. "दिवस मावळायच्या आत पुसताय? मास्तरांचा नियम हाय. आन् त्यांच्याच मयतीचं?"

"मास्तर हाईत," मी म्हटलं.

"कुठं हाईत?"

"हॉस्पिटलात. जिवंत. आत्ता इथनं रिक्षानं जायचेत. सोडा हात."

लोक माझ्याकडं बघत राहिले. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असंच त्यांना वाटलं असणार. कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या त्यांस्नी." तेवढ्यात म्हशीच्या बाजूनं दूधवाले मामा आले. सहा वर्षांत ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, बादली उचलली आणि सगळं पाणी फळ्यावर ओतलं. अक्षरं पांढरं पाणी होऊन खाली ओघळली. मी फडक्यानं, पदरानं, हातानं पुसत सुटले. हार उचलून म्हशीच्या पाटीत टाकला. नऊ वाजून गेले होते.

मी श्वास घेते न घेते तोच एक पोरगी फोन पुढं करून म्हणाली, "मावशी, तालमीच्या फळ्यावर पन लागलंय की."

हॉस्पिटलकडून येणाऱ्या रस्त्यावर एक तालीम आहे. आमचा फळा वाचून त्यांनी त्यांचा लिहिला होता. मास्तरांचा रस्ता तिथूनच. मी परत स्कूटी मारली. काकूंना फोन लावत होते, घंटा जात होती, उचलत नव्हत्या.

तालमीसमोर सात-आठ पैलवान अंगाला माती लावून उन्हाला उभे होते. त्यांच्या मधून फळा दिसत होता, आणि त्यावर माझीच वाक्यं होती, फक्त अक्षर बोजड. वस्ताद दारातच बाकावर बसले होते. मी म्हटलं, "वस्ताद, ते पुसा. आत्ताच्या आत्ता."

"का ओ? तुमच्या फळ्यावर हाय म्हनून लिवलं की. तुमचा फळा कवा चुकत न्हाय."

"चुकलाय."

"कोन चुकलंय?"

मला हिसका बसला. सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता.

"मी," मी म्हटलं. "मी चुकलो. मास्तर हाईत. मी घरात फोनसुदिक केला न्हाय."

"मग तेवढं ह्या पोरांस्नी मोठ्यानं सांगा. न्हायतर म्हनतील, वस्तादानं जित्या माणसाचं घातलं."

मी पैलवानांकडं तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं, माझं चुकलं, मास्तर जिवंत आहेत. सांगत असतानाच पाठीमागून रिक्षाचा आवाज आला. वळून बघते तर काकू. त्यांच्या पलीकडं कानटोपीतलं एक लहानसं डोकं. मास्तर तालमीकडंच बघत होते. पण माझं ऐकायला पैलवान फळ्याच्या पुढ्यात दाटीनं उभे राहिले होते, त्यांच्या खांद्यांमधून सूतभरही फट नव्हती. रिक्षा खड्ड्यात आदळली, सावरली आणि पुढं गेली. वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढून फळा पुसला. मी त्यांना नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

गल्लीतून आत घुसून मी चौकात आले तरी रिक्षा माझ्या आधी पोचली होती. फळ्याच्या अगदी समोर. मास्तर बाहेर वाकून बघत होते. आठ दिवसांत माणूस अर्धा झाला होता. मनगटावर हॉस्पिटलची पट्टी तशीच होती. फळा काळाकुट्ट आणि ओला. म्हशींच्या साखळ्यांचा आवाज येत होता तेवढाच.

"दिवसाढवळ्या फळा कुणी पुसला?" मास्तरांनी विचारलं. आवाज खोल गेला होता, पण विचारायची रीत वर्गातलीच.

मामा पुढं झाले. "मी पुसला मास्तर. म्हशीनं शेपूट मारलं, शेन उडालंतं."

"आठ फूट?"

मामा रिकामी बादली उचलून बघायला लागले. ज्या माणसाला मी म्हशींच्या ओळीत बसवलं होतं, तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि ते त्याला धड जमत नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी रिक्षापाशी गेले. काकू माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, नको नको म्हणून. त्यांना तोवर कुणीतरी कानात सांगितलं असावं. एका हातानं त्यांनी मास्तरांचा दंड घट्ट धरला होता.

"मास्तर," मी म्हटलं, "फळ्यावर तुमची श्रद्धांजली होती. मी लिहिलेली. तुम्ही गेला असं कळलं, आणि मी विचारलं न्हाय कुणाला. आन् मग पुसली."

मास्तरांचा हात छातीवर गेला. काकू रडवेल्या होऊन "अहो" म्हणाल्या. तो हात किती वेळ तिथं होता कुणास ठाऊक, मला तरी तो वेळ सरता सरेना. मी त्यांच्या बोटांकडंच बघत होते. मग त्याच हातानं त्यांनी स्वेटरच्या खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"काय लिहिलंतंस?"

"जाऊ द्या मास्तर. घरी चला. आराम..."

"काय लिहिलंतंस ते लिही परत. वरचं श्रद्धांजलीचं सोड. त्याच्या खालचं. नियम नियम असतो. मावळेपत्तोर राहायला पाहिजे."

डबा कट्ट्यावरच होता. फळा मामांनी पंच्यानं कोरडा केला. मी खडू घेतला आणि लिहायला लागले. आमच्या हाताला अक्षर देणारे मास्तर. तिथं 'गेले' होतं, ते गाळलं. मेळावा चौकातच हवा, असं ते म्हणतात. आम्ही तो हॉलमध्ये नेला. एवढं झालं. पुढचं वाक्य तीन शब्दांचं होतं. पहाटे तेच रडत रडत किती सहज लिहून गेले होते. आता पाठीवर मास्तरांचे डोळे होते, मामांचे होते, अख्ख्या चौकाचे होते. खडू टेकवला की तो सरकेना. मला राग आला, इतका की डबा फेकून निघून जावं. मेलेल्या माणसाला मोठेपणा द्यायला काय लागतं, तो थोडाच समोर बसून वाचतो. खडू मोडला. मी दुसरा घेतला. मास्तरांचं बरोबर होतं, असं लिहिलं.

मागं कुणीतरी घसा खाकरला. सांगायचं राहून गेलं, हे वाक्य लिहायची आता गरज नव्हती. मी हात झटकून मागं फिरले.

"खाली जागा कशाला सोडलीस?" मास्तरांनी विचारलं.

"पहाटेसुद्धा सोडली होती," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "वेळ घालायची होती. अंत्ययात्रेची."

काकूंनी पदर तोंडावर धरला. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हललं. ते हसू असावं.

"मग घाल की वेळ. मेळाव्याची."

रविवार, संध्याकाळी पाच, असं मी लिहिलं.

"स्थळ?"

मी स्थळ लिहिलं, पुढं दोन टिंबं दिली आणि थांबले. हॉल ठरलेला होता. पास घराघरांत पोचले होते. समितीत अकरा माणसं होती आणि त्यांना न विचारता एक खुर्चीही इकडची तिकडं करायचा मला अधिकार नव्हता. हे सगळं मास्तरांना माहीत होतं. ते मला ढकलत नव्हते. चष्म्यातून नुसते बघत होते. मामा हातात खराटा घेऊन उभे होते. वर चार वाक्यं लिहून खाली हॉलचं नाव घातलं असतं, तर तालमीच्या पैलवानांनीसुद्धा मला वेड्यात काढलं असतं.

हाच चौक, असं मी लिहिलं.

मास्तरांनी ते वाचलं, वरपासून खालपर्यंत, परत एकदा. "ओळी तिरक्या गेल्यात," म्हणाले. "दोरी मारायला विसरलीस." मग मामांकडं वळून, "रविवारी म्हशी जरा लवकर हलवा." आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

रिक्षा गेल्यावर मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. सहा वर्षांपूर्वी मी काय बोलले होते, ते त्यांच्या कानावर गेलेलं आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, माझं त्या दिवशीचं बोलणं वाईट होतं, मला माफ करा. मामांनी एक पेला धुतला, त्यात दूध घातलं आणि माझ्या हातात दिला. "प्या," म्हणाले. "रंग उतरलाय तोंडाचा."

समितीनं मला सोलून काढलं. दोघांनी राजीनामे दिले, त्यातला एक परत घेतला. निरोप टाकणारे वकील तर महिनाभर माझ्यासमोर आले नाहीत. पण फळ्यावर लिहिलेलं चौकानं वाचलं होतं, त्यामुळं रविवारी माणसं चौकातच आली. माईक दोनदा बंद पडला. मुडशिंगीच्या लेझीमला जागा पुरेना, ते निम्मे गल्लीत नाचले. मास्तर अर्धा तास आले. खुर्ची दिली होती ती त्यांनी सरकवली आणि कट्ट्यावर मामांच्या शेजारी बसले. सनई सुरू असताना एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पण बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं बऱ्याचदा गेले. बोलायचो ते फळ्याचंच, कुणाचं अक्षर पसरट येतं आणि कुणाचं चित्र घ्यावं. झालेल्या भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

पाऊस लागायच्या थोडं आधी एका सकाळी ग्रुपवर पुन्हा तोच निरोप आला. या वेळी मी आधी फोन केला. उचलला काकूंनीच. मी विचारलं आणि त्या म्हणाल्या, "व्हय गं. खरंच." मी त्यांच्याजवळ बसून आले. मग चौकात गेले. दोरीचं एक टोक मामांनी धरलं, एक मी. रेघा सरळ पडल्या.

मी लिहिलं, मास्तर गेले. अंत्ययात्रा सकाळी अकरा वाजता, राहत्या घरापासून.

मामांना वाचता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्यांनी त्यांना वाचून दाखवलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"बाकीचं सांगून झालंय," मी म्हटलं.

अकराला आम्ही सगळे गेलो, परत आलो. दिवस मावळेपर्यंत मी कट्ट्यावर बसून राहिले. मग फडकं ओलं केलं आणि फळा पुसला.